मदत हवी आहे : ऑलिम्पिक आइस हॉकी संघनिवडीत अंतिम शब्द कोणाचा?

नमस्कार मंडळी,

कॅनडाच्या २०१४ सालच्या सोची ऑलिम्पिक संघाविषयी लेख लिहीत असताना निवडीच्या एका मुद्द्यावर माझे घोडे अडले आहे. संघात तीन गोलरक्षक धरून पंचवीसच जणांना जागा होती आणि दावेदारांची तर रीघ लागली होती. तरीही क्रिस कुनिट्झची निवड झाली. पिट्सबर्ग या क्लबमध्ये तो कॅनडाचा कर्णधार सिडनी क्रॉस्बी याच्या जोडीने खेळत असल्यामुळे ती झाली, असे तेव्हा बोलले गेले. टीकाही पुष्कळ झाली. पुढे स्वीडनविरुद्धच्या अंतिम सामन्यातील तिसरा गोल त्यानेच केला, पण त्यामुळे निवड योग्य ठरते असे मला वाटत नाही.

याउलट मार्टिन सेंट लुई याला कॅनडा संघाची निवड करणारे प्रमुख स्टीव्ह आयझरमन यांनी आधी वगळले, आणि हेच आयझरमन टँपा बे या त्याच्या क्लबचेही महाव्यवस्थापक होते. स्टीव्हन स्टॅमकोस दुखापतीतून वेळेत सावरला नाही, तेव्हा त्याच्या जागी सेंट लुईला स्थान मिळाले खरे, परंतु मार्चमध्ये तो टँपा बे सोडून न्यूयॉर्क रेंजर्स या क्लबकडे गेला.

अशा निवडीत प्रशिक्षकाच्या मताला कितपत वजन असते आणि क्लबशी हितसंबंध असलेल्या व्यक्तीने निवडीपासून दूर राहावे असा काही नियम आहे का? जाणकारांनी विश्वासार्ह मुलाखती किंवा पुस्तके सुचवल्यास आभारी राहीन.