नाशिकमध्ये सिडको ते सातपूर एमआयडीसी सायकलने जाणं कितपत सेफ?

सिडकोकर:
मंडळी, पेट्रोल परवडेना म्हणून कंपनीत सायकलने जायचं डोक्यात आहे. दिवसा ठीक, पण सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा मिट्ट अंधार. ३ जूनला सायकल दिन आला की रॅली निघते, टीशर्ट वाटतात, ‘सायकल चालवा’ म्हणून बोर्ड लागतात, पण चालवायची कुठून ते कोणी सांगेना. आणि सायकलला हेल्मेट कम्पल्सरी आहे का?

त्र्यंबकरोडवाला:
कम्पल्सरी नाही भाऊ, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटरसायकलवाल्यांसाठी आहे, तरी घालच. सायकल ट्रॅक म्हणशील तर अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका स्मार्ट रोडला केलाय, जेमतेम एक किलोमीटरभर, आणि तुझ्या वाटेत तो येतच नाही. आपल्या महाजन बंधूंनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, मारली, पंढरपूरला सायकल वारी जाते, सगळ्याचा अभिमान आहेच राव, पण हँडलला डबा अडकवून एमआयडीसीत जाणारा कामगार कोणाच्या रॅलीत दिसतो? खरा सायकलवाला तर तोच.

पॅडल_काका:
मी सातपूरला फिटर होतो, कायम सायकलच. रात्री अंबड लिंक रोड टाळ, ट्रेलर फार. सिग्नलला ट्रेलरच्या क्लीनर साइडला, म्हणजे डाव्या बाजूला, कधीच उभा राहू नको, तो डावीकडे वळला की ड्रायव्हरला तू दिसतच नाहीस आणि मागची चाकं आत कापत येतात. गटाराच्या जाळ्याही बघून चालव, पट्ट्या उभ्या, म्हणजे रस्त्याच्याच दिशेने बसवल्या असतील तर बारीक टायर सरळ आत. नवीन सायकलला रिफ्लेक्टर द्यायचा नियम केंद्राने २०२० ला काढला, जुनी असेल तर मडगार्डला रेडियम चिकटव आणि मागे लाल लाईट लाव.

नाशिकची_ताई:
एक घरच्यांना सांगून ठेव दादा. गाडीने उडवलं तर मे २०२५ पासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना आहे, सायकलवाल्यालाही लागू. गाडीवाला पळून गेला, सापडलाच नाही तर गंभीर जखमीला ५० हजार, मृत्यू झाला तर वारसांना २ लाख, पण त्याला पोलिसात नोंद लागते. तेव्हा ‘जाऊ दे, थोडंसंच लागलंय’ म्हणून घरी निघून यायचं नाही.

सिडकोकर:
धन्यवाद सगळ्यांना. काका, रेडियम पट्टी सायकलच्या दुकानात मिळेल ना?

पॅडल_काका:
तिथे महाग देतात. ट्रकचं सामान विकणाऱ्याकडे जा, मीटरवर कापून देतो.