ईपीएबीएक्स: नव्या ट्रंक कार्डावरच्या फायबर लाइनी सुटत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या रुग्णालयाचं ईपीएबीएक्स (आतल्या फोनांचं छोटं एक्स्चेंज) मी सांभाळतो. जुन्या दोन लाइनी तांब्याच्या. आता दोन नंबर नवे घेतले, ते फायबरवरचे, म्हणजे ओएनटीच्या (फायबर जिथे येऊन संपते त्या डब्याच्या) फोन पोर्टातून जोडायचे. त्यासाठी चार पोर्टांचं ॲनालॉग ट्रंक कार्ड (बाहेरच्या लाइनी, म्हणजे ट्रंक, सिस्टीमला जोडणारं) बसवलं.

कार्ड घालताना मेन स्विच आणि बॅटरी दोन्ही बंद ठेवले. (बॅटरी राहून गेली की वीज काढूनही कार्डं ज्यात बसतात तो बॅकप्लेन जिवंत असतो, कार्ड जळायला तेवढं पुरतं.) सिस्टीमने कार्ड ओळखलं. क्रोनवर (तारा जोडायच्या पट्टीवर) जोड्या पंच करून मीटर लावला: रिसीव्हर ठेवलेला असताना साधारण 48 व्होल्ट डीसी, उचलल्यावर दहाच्या खाली. डायल टोन स्वच्छ. कॉल येतात, जातात.

अडचण रात्रीची आहे. रात्री रिसेप्शनवर कोणी नसतं, म्हणून आलेला कॉल दुसऱ्या ट्रंकवरून ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या मोबाइलला जातो. बोलणं संपून दोघांनीही फोन ठेवला तरी फायबरच्या दोन्ही लाइनी अडकूनच राहतात. पुढचा पेशंट फोन लावतो, त्याला एंगेज. सकाळी कार्ड रीसेट करावं लागतं. अपघाताचा फोन असा अडला तर काय, या विचाराने झोप लागत नाही.

तांब्याची लाइन नव्या कार्डावर लावून पाहिली, व्यवस्थित सुटते. फायबरची जुन्या कार्डावर लावली, तिथेही अडकते. म्हणजे कार्डात दोष दिसत नाही. कॉल संपल्याचं सिस्टीम ज्यावरून ओळखते त्या बिझी टोनची सेटिंग 400 हर्ट्झ, 0.75 सेकंद चालू, 0.75 बंद अशी आहे. आता काय तपासू?

प्रतिसाद:

दादा, तपासणी योग्य दिशेने चाललीय. तुमची सेटिंग आपल्याकडच्या एक्स्चेंजच्या टोनची आहे. फायबरवर मात्र टोन ओएनटी स्वतः तयार करतो, आणि तो वेगळा असू शकतो. ओएनटीला साधा फोन लावा, मोबाइलवरून कॉल करून उचला, मग मोबाइल कट करा आणि ऐकत राहा. टोन आला तर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर त्याची फ्रिक्वेन्सी आणि चालू-बंदचा वेळ मोजा, तेच आकडे फक्त त्या दोन पोर्टांना द्या. नुसती शांतता असेल तर कंपनीला सांगून कॉल संपल्यावर लाइनीची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटवण्याची किंवा व्होल्टेज क्षणभर तोडण्याची सोय चालू करून घ्या, आणि ट्रंकमध्ये त्याप्रमाणे पर्याय निवडा.

पण हे सगळं होईपर्यंत आज रात्रीच ट्रंक-टू-ट्रंक कॉलला वेळेची मर्यादा घाला, पाच-सात मिनिटांची. डॉक्टरांना तसं कळवून ठेवा.

आणखी एक, ओएनटी यूपीएसवर आहे ना? तांब्याच्या लाइनीला वीज एक्स्चेंजमधून येते, फायबरची लाइन ओएनटी बंद पडला की मेली. इमर्जन्सीचा नंबर तांब्याचाच राहू द्या.