स्टार खेळाडू देशाला एकहाती विश्वचषक जिंकून देऊ शकतो का? नेमकं काय पाहायचं?

उजवा विंगर

खेळाडू क्लबसाठी खोऱ्याने गोल करतो, पण त्याच्या देशाचा संघ यथातथाच. स्पर्धा जवळ आली की दरवेळी तोच वाद. एक जण म्हणतो, "मॅराडोनाने ८६ साली एकट्याने जिंकलाच की." दुसरा म्हणतो, "फुटबॉल हा सांघिक खेळ आहे." दोन्हींतून हाती काही लागत नाही.

नॉर्वेच्या हालांडचंच घ्या. २०२६ च्या पात्रता फेरीत ८ सामन्यांत १६ गोल. नॉर्वेने आठही सामने जिंकले आणि १९९८ नंतर पहिल्यांदा विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. असा संघ बाद फेरीत किती टिकेल याचा अंदाज बांधायचा तर गोलांच्या आकड्यापलीकडे काय तपासायचं? त्याच्यापर्यंत चेंडू कोण पोहोचवतो, तो बचावाला येत नाही त्याची भरपाई कशी होते, कर्णधार असण्याने फरक पडतो का, असं नेमकं लिहा. नशीब लागतं हे माहीत आहे, ते सोडून.

सेकंड बॉल

देशाच्या संघाची मुख्य अडचण अशी की खेळाडू विकत घेता येत नाही. क्लबला लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) कमी पडला तर जानेवारीत विकत आणता येतो. देशाला त्या पिढीत जे मिळाले त्यांच्यावरच भागवावं लागतं. लायबेरियाचा जॉर्ज विया १९९५ चा बॅलन डी'ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता, पण लायबेरिया एकदाही विश्वचषकापर्यंत पोहोचला नाही. त्यामुळे स्टार किती मोठा आहे यापेक्षा त्याच्या मागचे सहा-सात जण कोणत्या दर्जाचे आहेत, तिथून सुरुवात करा.

आता तपासायचं कसं. पात्रता फेरीतले ५-० चे सामने बाजूला ठेवा. ज्यात समोरच्या संघाकडे चेंडू जास्त वेळ होता असे दोन-तीन सामने निवडा आणि पहिली ३० मिनिटं फक्त स्टारकडे पाहा. त्याला चेंडू मिळाला की दरवेळी तीन गोष्टी टिपा: मैदानाच्या कोणत्या भागात मिळाला, त्याचं तोंड कोणत्या गोलकडे होतं आणि १५ मीटरच्या आत आपले किती जण होते. बहुतेक खुणा मध्यरेषेजवळ, पाठ गोलकडे आणि आसपास कुणी नाही अशा निघाल्या, तर तो संघ पास देत नाहीये, नुसता चेंडू उडवून मोकळा होतोय. तगड्या सेंटर बॅकसमोर (मधल्या बचावपटूसमोर) असा चेंडू दहातून आठ वेळा परत येतो, आणि प्रत्येक वेळी आपल्या बचाव फळीला श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही.

२०२२ चा पोलंड हा याचा धडधडीत नमुना. लेवांडोव्स्की समोर, बाकी संघ पेनल्टी बॉक्सच्या कडेला दाटीवाटीने उभा. अर्जेंटिनाकडून ०-२ हरूनही ते गोलफरकावर पुढे गेले आणि लगेच फ्रान्सकडून १-३ हरले. लेवांडोव्स्कीच्या खात्यात दोन गोल, त्यातला एक फ्रान्सविरुद्ध अगदी शेवटी पेनल्टीवर. तो वाईट खेळला असं मला वाटत नाही. त्याच्यापर्यंत चेंडू जायला रस्ताच नव्हता.

नॉर्वेकडे ओडेगार्डचा पास आहे आणि सोर्लोथसारखा दुसरा उंच फॉरवर्ड आहे, म्हणजे लांब चेंडूवर दोन्ही सेंटर बॅक हालांडला घेरू शकत नाहीत. ही बाजू भक्कम आहे. पण हालांडने डोक्याने खाली पाडलेला चेंडू उचलायला कोण धावतो, ते बघा. तिथे कुणी नसेल तर बाकी सगळं फुकट.

नव्वदी पार

८६ बद्दल लिहितो, कारण "एकट्याने" हा शब्द तिथूनच पसरला.

अर्जेंटिनाचे एकूण गोल १४. मॅराडोनाचे ५, आणि आणखी ५ त्याच्या पासवर. म्हणजे १४ पैकी १० मध्ये त्याचा थेट हात. हा आकडा अचाट आहेच. पण प्रशिक्षक बिलार्दोने मागे काय मांडलं होतं ते पाहा. ब्राउन स्वीपर (सगळ्यांत मागचा मोकळा बचावपटू), त्याच्या पुढे रुगेरी आणि कुचुफो हे दोघे माणसाला चिकटणारे, आणि त्यांच्यापुढे बतिस्ता ठाण मांडून. उपांत्यपूर्व फेरीआधी त्याने पास्कुल्लीला बसवलं. उरुग्वेविरुद्धचा एकमेव गोल ज्याने केला, तोच पास्कुल्ली! त्याच्या जागी मधल्या फळीत एन्रिके आला. एक फॉरवर्ड कमी झाल्याने मॅराडोनाला वाल्दानोच्या मागे मोकळी जागा मिळाली, आणि चेंडू हरवला तर मध्ये पाच जण उभे. त्यानंतर इंग्लंडविरुद्ध २-१, बेल्जियमविरुद्ध २-०, आणि या दोन सामन्यांतले चारही गोल मॅराडोनाचे.

अंतिम सामन्यात मात्र त्याचा गोल नाही. जर्मनीचा मॅथेअस त्याला चिकटून होता. ब्राउन, वाल्दानो आणि बुरुचागा यांनी गोल केले. २-० वरून जर्मनीने कॉर्नरवर दोन गोल फेडले, आणि मॅराडोनाला अर्धा सेकंद मोकळा मिळाला तेवढ्यात बुरुचागाचा गोल झाला. स्टारला रोखायला जाणारा माणूस दुसरीकडे भगदाड पाडतो, आणि त्यातून धावणारा कुणीतरी लागतो. बुरुचागासारखा धावणारा नसता तर तो पास कुणाला दिला असता?

नुसत्या गोलांवर जाऊ नका, हेही सांगून ठेवतो. १९५४ ला कोचिश ११ गोल, हंगेरी उपविजेता. १९५८ ला फाँतेन १३, फ्रान्स तिसरा. १९६६ ला युसेबियो ९, पोर्तुगाल तिसरा. १९७० ला गेर्ड म्युलर १०, पश्चिम जर्मनी तिसरी. २०२२ ला एम्बापे ८, त्यात अंतिम सामन्यात हॅटट्रिक, तरी उपविजेता. केम्पेस, रोस्सी, २००२ चा रोनाल्डो असे सर्वाधिक गोलही करून विश्वचषकही उचलणारे मोजकेच.

उजवा विंगर

पास्कुल्लीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. मग मेस्सीचं काय? २०१४ आणि २०१८ ला तो तरुण होता तरी नाही जमलं, ३५ व्या वर्षी जमलं. फक्त संघ बदलला म्हणून?

मधली फळी

संघ बदललाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेस्सीच्या न धावण्याचा हिशेब कुणीतरी मांडला.

स्टार चेंडू नसताना चालतो, तेव्हा बाकी नऊ जणांना दहांची जागा झाकावी लागते. समोरचा संघ हे लगेच ओळखतो. त्यांचा लेफ्ट बॅक स्टारच्या बाजूने बेधडक वर येतो, आपला राइट बॅक दोघांच्या तावडीत सापडतो, त्याच्या मदतीला मिडफिल्डर बाहेर सरकतो आणि मधोमध खिंड उघडते. गोल तिथून होतो, आणि आपण शिव्या राइट बॅकला घालतो.

२०१४ ला प्रशिक्षक सबेयाने यावर सावध उपाय केला. मास्केरानो आणि दोन्ही सेंटर बॅक यांना जागेवरून हलूच दिलं नाही. अंतिम सामन्यात जर्मनीच्या ग्योट्झेने ११३ व्या मिनिटाला गोल करेपर्यंत बाद फेरीत अर्जेंटिनावर एकही गोल झाला नाही. पण याची किंमत दुसऱ्या टोकाला मोजली: बाद फेरीच्या चार सामन्यांत अर्जेंटिनाचे गोल फक्त दोन, डी मारिया आणि इग्वाइनचे. मेस्सीचे चारही गोल साखळीतले. त्यात डी मारिया बेल्जियमविरुद्ध जखमी झाला आणि मेस्सीशिवाय चेंडू घेऊन धावणारा दुसरा माणूसच उरला नाही. माझ्या मते तो विश्वचषक तिथे गेला.

२०१८ ला उलटा घोळ. दर सामन्यात नवी रचना, मधली फळी संथ. क्रोएशियाकडून ०-३. फ्रान्सविरुद्ध मेस्सीला फॉल्स नाइन (चेंडू घ्यायला मागे येणारा सेंटर फॉरवर्ड) केलं, पण चेंडू हरवल्यावर मागे उभं राहायला कुणी नाही. एम्बापे स्वतःच्या अर्ध्यातून सुसाट निघाला आणि पेनल्टी घेऊनच थांबला. ३-४.

२०२२ ला सौदी अरेबियाकडून १-२ हरल्यावर प्रशिक्षक स्कालोनीने काय केलं ते शिकण्यासारखं आहे. त्या सामन्यात सौदीची बचाव रेषा खूप वर होती; अर्जेंटिनाचे खेळाडू १० वेळा ऑफसाइड पकडले गेले, तीन गोल रद्द झाले. पुढच्या दोन सामन्यांत त्याने मॅक अॅलिस्टर, एन्झो फर्नांडिस आणि अल्वारेझ यांना संघात बसवलं. अल्वारेझ समोरच्या बचावपटूंवर धाऊन जायचा, म्हणजे प्रेसिंगमधला मेस्सीचा वाटाही तोच उचलायचा. डी पॉल उजवीकडे मेस्सीच्या मागची जागा सांभाळायचा. एन्झो खोल राहून पहिला पास द्यायचा, त्यामुळे मेस्सीला चेंडू मागायला मध्यरेषेपर्यंत यावं लागलं नाही. शिवाय समोरचा संघ पाहून मांडणी बदलली: नेदरलँड्सविरुद्ध मागे पाच, क्रोएशियाविरुद्ध मध्ये चार, अंतिम सामन्यात डी मारिया अनपेक्षितपणे डावीकडे.

तेव्हा तपासताना चार प्रश्न विचारा. स्टारच्या बाजूचा फुल बॅक कोण, आणि तो वर जातो की थांबतो? त्या बाजूचा मिडफिल्डर ९० मिनिटं धावू शकतो का? तो दमला तर बाकावर तसाच दुसरा आहे का? स्टार सोडून प्रेसिंग सुरू करणारा कोण? यातल्या दोनांची उत्तरं नसतील तर बाद फेरीच्या दुसऱ्या सामन्यापुढे मी पैज लावणार नाही.

कॉर्नर फ्लॅग

"विश्वचषक नाही म्हणजे काहीच नाही" हा सूर मला पटत नाही. लहान देशाचं यश वेगळं मोजा. २०१६ च्या युरोत बेलच्या वेल्सने उपांत्य फेरी गाठली. मागे तीन सेंटर बॅक, मध्ये अॅलन आणि लेडली, आणि बेल आणि रॅमसी मोकळे. बेलचे तिन्ही गोल साखळीत. बेल्जियमला ३-१ हरवलं त्यात त्याचा एकही नव्हता, पण दोन बचावपटू सतत त्याच्याकडे ओढलेले होते. उपांत्य फेरीत रॅमसी दोन पिवळ्या कार्डांमुळे बाहेर, पोर्तुगालकडून ०-२. स्टार मैदानात होता, त्याचा जोडीदार नव्हता.

त्याच स्पर्धेत पोर्तुगालने साखळीतले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले आणि ९० मिनिटांत जिंकलेला सामना वेल्सविरुद्धचा हा एकच. अंतिम सामन्यात रोनाल्डो २५ व्या मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला आणि १०९ व्या मिनिटाला एडरने गोल केला. बचावपटू पेपे आणि गोलकीपर रुई पॅट्रिसियो यांचं नाव या वादात कुणी घेत नाही, ते घ्यायला हवं.

अवांतर: १९९२ ची युरो डेन्मार्कने मायकल लाउड्रुपशिवाय जिंकली. प्रशिक्षकाशी न पटल्याने तो संघाबाहेर होता. भाऊ ब्रायन खेळला.

सेकंड बॉल

@कॉर्नर फ्लॅग, सहमत. पण वेल्सच्या उदाहरणात कार्डांचा मुद्दा जाता जाता आलाय, तो मोठा आहे. १९९८ ला झिदानला सौदी अरेबियाविरुद्ध लाल कार्ड मिळालं आणि तो दोन सामने बाहेर बसला. त्यातल्या पॅराग्वेविरुद्धच्या सामन्यात फ्रान्सला जादा वेळेत ब्लाँचा गोल्डन गोल (तेव्हा जादा वेळेतल्या पहिल्या गोललाच सामना संपायचा) लागला. स्पर्धेत त्यांच्यावर झालेले गोल फक्त दोन, म्हणून ते तगले. स्टारशिवाय एक सामना ०-० धरून ठेवता येतो का, हा प्रश्न प्रत्येक संघाला विचारा. २०१४ च्या ब्राझीलला विचारला असता तर उत्तर नाही असं आलं असतं: नेमार मणक्याच्या दुखापतीने बाहेर, थियागो सिल्वा निलंबित, आणि जर्मनीकडून १-७. माझ्या मते त्या सामन्यात सिल्वा नसणं जास्त महागात पडलं.

शिवाय २०२६ पासून ४८ संघ, म्हणजे विजेत्याला सातऐवजी आठ सामने. २०१८ ला क्रोएशियाने बाद फेरीतले सलग तीन सामने १२०-१२० मिनिटं खेळून अंतिम फेरी गाठली आणि मग फ्रान्सकडून २-४ हरले. साखळीचे पहिले दोन सामने जिंकून तिसऱ्यात स्टारला बसवता येईल का, हे गट पाहूनच ठरवता येतं.

उजवा विंगर

कर्णधारपदाचं राहिलं. आणि शूटआउटमध्ये स्टारने कितवी पेनल्टी घ्यावी?

नव्वदी पार

कर्णधारपदाला लोक फार वजन देतात. नियमांत कर्णधाराला कुठलाही खास अधिकार नाही, संघाच्या वर्तनाची थोडी जबाबदारी आहे इतकंच. २००६ ला कॅनाव्हारो, २०१० ला कसियास, २०१४ ला लाम, २०१८ ला लॉरिस: विजेते कर्णधार गोलकीपर किंवा बचावपटू. मॅराडोना आणि मेस्सी कर्णधार होते हेही खरं. पण २०२२ च्या विश्वचषकाची गोष्ट घ्या: पोर्तुगालने कर्णधार रोनाल्डोला स्वित्झर्लंडविरुद्ध बाकावर बसवलं, त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसने हॅटट्रिक केली, ६-१. पुढच्याच सामन्यात मोरोक्कोकडून ०-१. कर्णधाराच्या दंडावरच्या पट्टीपेक्षा प्रशिक्षकाला स्टारला बसवण्याची मोकळीक आहे का, ते बघा.

पेनल्टीचं उत्तर सोपं आहे. पाचवी नको. पाचवी हिरोसाठी राखून ठेवायची हौस किती महागात पडते पाहा: २०१२ च्या युरोत स्पेनविरुद्ध रोनाल्डो, २०२१ च्या आफ्रिका कपच्या अंतिम सामन्यात सेनेगलविरुद्ध सालाह, २०२२ ला क्रोएशियाविरुद्ध नेमार. तिघांचीही पाळी आलीच नाही, त्याआधीच संघ हरला. मेस्सीने नेदरलँड्स आणि फ्रान्स दोघांविरुद्ध आपल्या संघाची पहिली घेतली. घेणाऱ्यांचा क्रम रेफरीला आधी कळवावा लागत नाही, त्यामुळे शूटआउट चालू असतानाही तो बदलता येतो. तीन पेनल्टी झाल्या आणि संघ मागे असेल तर चौथीला स्टारला पाठवायचं, यादीत नाव पाचवं असलं तरी.