मदत हवी आहे: सोलापूरच्या मार्शल लॉवर कादंबरी आहे का?

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षभरात ऐतिहासिक कादंबऱ्यांचा नादच लागला. 'स्वामी' पुन्हा वाचली, 'पानिपत' पहिल्यांदाच. पण सगळ्यात आवडली ती ना. सं. इनामदारांची 'झुंज'. यशवंतराव होळकरांबद्दल शाळेत दोन ओळींपलीकडे काही वाचलंच नव्हतं. शेवटची पानं तर मुद्दाम पुरवून पुरवून वाचली.

आता आपल्या सोलापूरवरचं काही वाचायचंय. मे 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. चार पुतळा चौकातून रोज जाते, प्रत्येक वेळी वाटतं, यांच्या घरात त्या रात्री काय झालं असेल? आजोबा गिरणीत होते, त्यांच्याकडून थोडंफार ऐकलंय, पण ते तुटक तुटक.

या काळावर मराठीत कादंबरी आहे का? चरित्रं, लेख नकोत, गोष्टच हवी. गिरणगावातली माणसं, भोंगा, चाळी असं सगळं असलेली. कन्नड किंवा तेलुगूतून अनुवादित असली तरी चालेल. जुनी, छपाई बंद झालेली असेल तर सोलापुरात कुठल्या वाचनालयात मिळेल तेही सांगा, मी लगेच जाऊन बघते.