मदत हवी आहे: मुलीला औषधाच्या ट्रायलमध्ये (चाचणीत) घालावं का?

मुलगी 9 वर्षांची, थॅलेसेमिया मेजर (शरीरात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार). दर 3 आठवड्यांनी रक्त चढवतो, त्याने साठणारं लोह काढायला डेफेरासिरॉक्स रोज चालू, तरी फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा आकडा) 2800, म्हणजे बरंच जास्त. (मध्ये ताप होता, त्यानेही आकडा चढतो, म्हणून आता हृदयातलं लोह बघायला टी2 स्टार एमआरआय करणार आहोत.) डॉक्टरांनी लहान मुलांसाठीची एक ट्रायल सुचवलीय: सोबत डेफेरिप्रोन हे लोह काढणारं दुसरं औषधही द्यायचं. त्याने पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासणार. तिच्या हाताला आधीच शीर सापडत नाही हो!

कुणाचं मूल अशा ट्रायलमध्ये होतं का? मध्येच बाहेर पडलात तर नेहमीचे उपचार सुरळीत चालू राहिले का? संमतीपत्रावर सही करण्याआधी काय काय विचारून घेऊ? मुलीलाही विचारायचं म्हणतेय, पण तिला कसं सांगितलंत?