शब्दचर्चा : 'बालोमा' म्हणजे भूत, आत्मा की पितर?

प्रश्न :
पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या मृत्यूविषयीच्या समजुतींवर लेख लिहिते आहे. माणूस मेल्यावर त्याचं जे मागे उरतं त्याला तिथे 'बालोमा' म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी तिथल्या किरिविना बेटावर राहून केलेल्या अभ्यासावरचा १९१६ सालचा दीर्घ निबंध या 'बालोमा'वरच आहे. त्याला मराठीत काय म्हणावं? 'भूत' लिहिलं तर उगाच भीती डोकावते, 'आत्मा' लिहिलं तर वेदान्त आठवतो. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद :
ताई, 'भूत' नकोच. त्याच्या जवळचा तिथला शब्द वेगळा आहे, 'कोसी'. माणूस गेल्यावर कोसी थोडे दिवस घराभोवती, बागेच्या वाटेवर घुटमळतो, हाक मारतो, आणि मग नाहीसा होतो. त्याचं लोकांना फारसं भयही नसतं. मरणाच्या वेळी खरी धास्ती असते ती 'मुलुक्वाउसी', म्हणजे उडणाऱ्या चेटकिणींची.

बालोमा मात्र तुमाला जातो. तुमा हे खरंखुरं बेट आहे, किरिविनाच्या वायव्येला. तिथे तोपिलेता नावाचा मृतांचा मुखिया येणाऱ्याकडून मौल्यवान वस्तू घेतो आणि मगच आत सोडतो. पुरण्यापूर्वी प्रेत दागिन्यांनी सजवण्यामागे हेही कारण आहे. आत गेल्यावर नवा संसार. म्हातारपण आलं की कात टाकून पुन्हा तरुण व्हायचं. या तारुण्याचाही कंटाळा आला की बालोमा इवलासा 'वायवाया', म्हणजे गर्भजीव, होतो आणि आपल्याच कुळातल्या बाईच्या पोटी येतो. पापपुण्याचा हिशेब या सगळ्यात कुठेच नाही. म्हणून 'आत्मा' हा शब्द मला तिथे फार जड वाटतो.

'पितर' सगळ्यांत जवळचा. कंदांची काढणी झाली की 'मिलामाला'चे दिवस येतात आणि तुमाचे बालोमा आपापल्या गावी पाहुणे येतात. त्यांच्यासाठी अन्न मांडतात, मौल्यवान वस्तू मांडतात. गरम पाणी सांडताना, भाला हाताळताना जपतात, न दिसणाऱ्या पाहुण्याला इजा व्हायला नको. आदरातिथ्यात कसूर झाली तर ते रागावून हवा बिघडवतात. पौर्णिमेनंतर पहाटे ढोल वाजवून त्यांना निरोप देतात, त्याला 'इओबा' म्हणतात. लंगडे आणि मागे रेंगाळलेले यांच्यासाठी नंतर पुन्हा ढोल वाजतात! मला ही सगळ्यांत लोभस गोष्ट वाटते. लेखात ती जरूर घ्या.

तरी 'पितर' एकदाच, ओळख करून देण्यापुरता वापरा. त्या शब्दात बाप आहे, आणि किरिविनात कूळ, 'दाला', आईकडून चालतं. बाप मुलांच्या दालातला नसतो. म्हणून पुढे सरळ 'बालोमा'च लिहा.

प्रतिसाद :
मांडलेल्या अन्नासाठी आमच्या मालवणी बाजूचा 'वाडी' शब्द चालेल का? म्हाळाला पितरांना वाडी दाखवतात. तिथेही बालोमा अन्नाचा फक्त 'बालोमा' खातात, म्हणजे सार, आणि उरलेलं प्रत्यक्ष अन्न माणसांना देतात असं वाचलं आहे.

प्रश्नकर्ती :
'वाडी' फार आवडला, घेते. आणखी एक : मरणानंतरच्या दुखवट्याला 'सुतक' म्हणू का?

प्रतिसाद :
नको. सुतक भावकीला लागतं, तिथली रीत नेमकी उलटी आहे. मृताच्या आईकडच्या कुळातल्यांनी प्रेताला हात लावायचा नाही, दुखवट्याची चिन्हंही अंगावर घ्यायची नाहीत. प्रेताची उस्तवार आणि मोठ्यानं रडणं बायको, मुलं, सासरची माणसं करतात. डोकं भादरून, अंगाला काजळी फासून तेच बसतात. विधवेला तर पूर्वी घरातल्या घरात छोट्या पिंजऱ्यात महिनोन्‌महिने कोंडून राहावं लागे. बहुतेक मृत्यूंमागे कुठेतरी चेटूक असतंच, अशी समजूत असल्यानं हे मोठ्यानं रडणं म्हणजे 'आमचा यात हात नाही' असं सांगणंही असतं.

पुढे मृताच्या कुळातल्या बायका या दुखवटा पाळणाऱ्यांची परतफेड करतात, केळीच्या सुक्या पानांच्या जुड्या आणि रंगीत घागरे ढिगांनी वाटून. मालिनोव्स्कींच्या लिखाणात याला पुरेसं स्थान नव्हतं. मानववंशशास्त्रज्ञ ॲनेट वाइनर यांनी १९७० च्या दशकात या वाटपाचं महत्त्व दाखवून दिलं. बायकांची ही संपत्ती तिथे खरोखर मोलाची आहे, तेव्हा 'दुखवटा' लिहा आणि या वाटपाला निदान एक परिच्छेद द्या.