भजनाचा ट्रॅक एकदम स्वच्छ झाला, पण त्यातला जीव कुठे गेला?

धुमाळी
मी पखवाज वाजवतो. गाव कणकवलीकडे, राहायला भांडुप. गणपतीत आणि जत्रांच्या दिवसांत आमच्या मंडळाच्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन भजनी मंडळांचे समोरासमोर सामने, असतात. यंदा बुवांच्या हौसेखातर एका स्टुडिओत दोन अभंग, एक गवळण आणि शेवटचा गजर रेकॉर्ड केला.

तिथली पद्धत अशी. आधी मला एकट्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानात टिकटिक. मग पेटी. बुवा गायले दुसऱ्या दिवशी. चक्की (टाळासारखं धातूचं वाद्य) आणि झांजा आम्ही घेऊन गेलो होतो, त्या पिशवीतून निघाल्याच नाहीत. म्हणाले, ‘आमच्याकडच्या टाकतो, साफ येतील.’ कोरसची पोरं सुट्टी टाकून आलेली. त्यातल्या दोघांनाच गायला लावलं आणि कॉम्प्युटरमध्ये त्यांचे दहा केले.

आता फाइल हातात आहे आणि तिच्यात खोट काढायला जागा नाही. एक मात्रा इकडची तिकडे नाही. पण गजर लागला तरी पाय हलत नाही. बुवांच्या आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “ह्येच्यात माझो झील खंय आसा?” म्हणजे, यात माझा मुलगा कुठे आहे?

जुनी मंडळी म्हणतात, हल्लीचं संगीतच मेलेलं, सगळं मशीनवर. मला ते सरसकट पटत नाही. पोरांच्या मोबाइलवरही कधी असं काही लागतं की हात आपोआप मांडीवर ठेका धरतो. मग आमच्या गजरातून नेमकं काय गेलं? जाणकारांनी सांगावं.

काचेपलीकडला
मी त्या काचेच्या दुसऱ्या बाजूला बसणारा, पुण्यात. तुम्ही सांगितलेली पद्धत माझ्याकडेही रोजची आहे, त्यामुळे त्या स्टुडिओवाल्याला शिव्या घालणार नाही. वेळ वाचतो, चुकलं तर तेवढाच तुकडा पुन्हा घेता येतो.

पण एक विचारतो. तुम्ही पखवाज वाजवलात तेव्हा बुवा गायलेच नव्हते. मग लग्गी, म्हणजे ओळीवरचा तो जलद ठेका, लावलीत ती कुणाच्या ओळीवर? तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर आलात तेव्हा समोर कोण होतं? बारीत बुवा एखादा शब्द धरून ठेवतात, तुम्ही हात आखडता, ते सोडतात, तुम्ही धूम देता. ही देवाणघेवाण त्या दिवशी झालीच नाही. जे झालंच नाही ते फाइलमध्ये येणार कुठून?

आता गजर. गजर म्हणजे चढती लय. क्लिकला, म्हणजे कानातल्या त्या टिकटिकीला, एक आकडा दिला की शेवटपर्यंत तोच. टेम्पो चढवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण कुठे आणि किती ते आधी लिहून द्यावं लागतं. बुवा काय घरून ठरवून येतात? कोरस किती तापलाय ते बघून ते चढवतात.

आणि सूर. १९९७ साली ऑटोट्यून बाजारात आलं. गायकाचा सूर जवळच्या ठरावीक सुरावर नेऊन बसवणं हे त्याचं काम. हलक्या हाताने वापरलं तर कळतही नाही. जोरात लावलं तर मींडेच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, पायऱ्या होतात. शिवाय ते बसवतं कुठे? पियानोच्या सुरांवर. तिथला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग). बुवांचा गळा बरोबर जागी लागला असेल, तरी मशीनने तो ‘दुरुस्त’ केला असण्याची शक्यता आहे. त्यांच्या आईला नेमकं हेच खटकलं असावं.

उलटी_तान
हे रडगाणं प्रत्येक पिढीचं आहे. ज्या पेटीशिवाय तुमचं भजन उभं राहत नाही, तिला १९४० पासून जवळपास तीस वर्षं आकाशवाणीवर बंदी होती. कारण? परदेशी वाद्य, मींड निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, मारते. म्हणजे आज ऑटोट्यूनला जे म्हणताय तेच. त्याआधी तबकड्या आल्या, तासाभराचा ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत कोंबावा लागला, आणि त्या तबकड्या आज आपण डोळे मिटून ऐकतो. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन होताच. कुणाचं काय बिघडलं?

बेंजोवाला_लालबाग
आमच्याकडे सगळं विजेवर. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य). बेंजो तरी कुठे आपला, जपानच्या ताईशोगोतो नावाच्या तारवाद्यावरून आलेला. तरी गणपतीच्या आगमनाला समोरची माणसं दमलेली दिसली की आम्ही चाल बदलतो, परत उसळली की पुन्हा पहिल्या चालीवर. ऑक्टोपॅडवाल्याची मान वर असते, नाचणाऱ्यांकडे. तोच माणूस घरी खाली मान घालून वाजवतो ते मला ऐकवत नाही 😄

काचेपलीकडला
@उलटी_तान, बंदीची गोष्ट खरी, पण ती इथे अर्धीच लागू पडते. पेटीवाला गायकाच्या शेजारी बसतो आणि त्याच्या मागोमाग बोटं नेतो. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गनबरोबर सारंगी होती आणि तबल्यावर थिरकवाँसाहेब. ऑर्गनचे सूर बांधलेले असले तरी वाजवणाऱ्याचे कान मोकळे होते. तीन मिनिटांच्या तबकडीतसुद्धा सगळे एकाच खोलीत, एकाच वेळी. क्लिकवर आजवर उत्तम गाणी झाली आहेत, मीही केली आहेत. ती बांधलेलीच त्या चौकटीसाठी असतात. डबलबारी तशी बांधलेली नाही.

आणि बेंजोवाले, तुमचं म्हणणं मला माझ्या सगळ्या पोस्टपेक्षा जास्त पटलं.

धुमाळी
लग्गीचा प्रश्न वाचून बुवांना फोन केला. ते म्हणाले, ‘मी तर तुझी लग्गी कधी संपते याची वाट बघत गायलो.’ म्हणजे दोघेही एकमेकांची वाट बघत होतो, वेगवेगळ्या दिवशी!

गावच्या देवळात सगळ्यांनी एकत्र बसून पुन्हा करायचं ठरतंय. सभामंडपाला खाली लादी, वर पत्रा. माइक किती लागतील? चक्की सगळ्यांवर चढते, तिचं काय करू?

काचेपलीकडला
दोन चांगले माइक मधोमध उंचावर, एक बुवांना, एक पखवाजाच्या धुमेकडून, म्हणजे जाड आवाजाच्या डाव्या बाजूने. बस्स. लादीवर सतरंज्या अंथरा, असतील तेवढ्या. चक्कीवाल्याला माइकच्या जवळ बसवू नका, कोरसच्या मागे बसवा; रागावला तर माझं नाव सांगा. पंखे बंद. धुमेची कणीक आयत्या वेळी लावा, उकाड्यात सुकते. पत्र्यावर पाऊस वाजणार, म्हणून श्रावणात करू नका. आणि पहिला टेक कसाही झाला तरी पुसू नका.

बेंजोवाला_लालबाग
तारीख कळवा. कोरसला येतो.